सेल्फ घुमतो, पंखा फिरत नाही : विमानाच्या स्टार्टर ड्राइव्हचे बिघाड आणि दुरुस्ती

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर ज्या यंत्रणेच्या मध्यस्थीने इंजिनाला पहिले फेरे देते, आणि इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागताच जी यंत्रणा मोटरला इंजिनापासून अलग करते, तिला स्टार्टर ड्राइव्ह म्हणतात. प्रत्येक उड्डाणात या यंत्रणेचे काम जेमतेम काही सेकंदांचे असते. परंतु त्या काही सेकंदांत तिने इंजिनाला घट्ट धरावे आणि पुढच्याच क्षणी पूर्णपणे सोडून द्यावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. धरणे आणि सोडणे या दोन क्रियांपैकी कोणतीही एक चुकली, तर विमान जमिनीवरच अडकते किंवा इंजिन चालू असताना स्टार्टरची राखरांगोळी होते. म्हणूनच आकाराने लहान असलेल्या या भागाच्या बिघाडांचा आणि दुरुस्तीचा विचार विमान देखभालीच्या शास्त्रात काळजीपूर्वक केला जातो.

पुणे जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. अलीकडे राजगड हे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातील पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणी ज्या खडकवासल्याच्या जलाशयात उतरते, त्याच्याच काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे, आणि तेथे हवाई दलाच्या छात्रांना ‘सुपर डिमोना’ या इंजिन असलेल्या ग्लायडरवर उड्डाणाची पहिली ओळख करून दिली जाते. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्था चालतात, जेथे सेसना जातीची लहान विमाने दिवसातून अनेकदा सुरू होतात आणि अनेकदा बंद होतात. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातील बिनइंजिनाच्या ग्लायडरना विंचच्या दोराने ओढून आकाशात सोडले जात असल्यामुळे त्यांना स्टार्टरची गरज नसते. मात्र प्रशिक्षणाच्या विमानांचा सारा दिनक्रम या एका यंत्रणेवर अवलंबून असतो, कारण लांबच्या प्रवासाच्या विमानाच्या तुलनेत शिकाऊ विमानाचा स्टार्टर तेवढ्याच उड्डाण-तासांत कितीतरी अधिक वेळा वापरला जातो.

नसरापूरहून वेल्ह्याकडे धावणाऱ्या प्रवासी जीपमध्ये किंवा भोरच्या खोऱ्यातील ट्रॅक्टरमध्ये जो ‘सेल्फ’ असतो, त्याचे आणि विमानाच्या स्टार्टरचे मूळ तत्त्व एकच आहे. गॅरेजमधील कारागीर सेल्फच्या पुढच्या दातेरी भागाला आजही ‘बेंडिक्स’ म्हणतात, तेच नाव विमानाच्या हँगरमध्येही चालते. फरक परिणामांत आहे. सेल्फ गेलेली जीप उतारावर लावून ठेवता येते आणि धक्का देऊन सुरू करता येते; विमानाला अशी सोय नाही, कारण त्याच्या चाकांचा आणि इंजिनाचा काही संबंधच नसतो.

हाताने पंखा फिरवण्याचा काळ

विमानविद्येच्या आरंभीच्या दशकांत इंजिन सुरू करण्याचा मुख्य मार्ग होता प्रोपेलर, अर्थात पंखा, हाताने झटका देऊन फिरवणे. १९२८ साली जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, त्या काळातील मॉथ जातीची शिकाऊ विमाने अशाच रीतीने सुरू केली जात. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने बांधलेले आणि देशभरातील फ्लाइंग क्लबांनी अनेक वर्षे वापरलेले ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमानही हाताने पंखा फिरवून सुरू करण्याची रीत रूढ होती. या पद्धतीत पंख्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला थेट धोका असतो, कारण इंजिन पेटताच जे पाते हातात होते तेच पाते क्षणार्धात पुन्हा त्याच जागी परत येते.

मोटारगाड्यांच्या जगात चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत स्टार्टरमुळे १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीपासून हँडल मारण्याची कटकट मिटू लागली. तथापि मोटरचे इंजिनाशी क्षणापुरते नाते जोडून ते आपोआप तोडण्याचा सुटसुटीत उपाय व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी संशोधकाने त्याच दशकात दिला, आणि लक्षावधी गाड्यांमध्ये तो पोहोचल्यावर १९२९ साली त्यांच्या उद्योगाने ‘बेंडिक्स एव्हिएशन’ हे नाव धारण करून विमानांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात पाय रोवले. आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही लहान विमानांच्या अनेक स्टार्टरमध्ये बेंडिक्स यांची मूळ कल्पना जवळजवळ जशीच्या तशी काम करते आहे.

दात कसे जुळतात आणि कसे सुटतात

सेसना १५२ आणि नंतरच्या काळातील सेसना १७२ या विमानांत लायकॉमिंग कंपनीची चार सिलिंडरची इंजिने असतात. या इंजिनांत पंख्याच्या लगेच मागे एक मोठे दातेरी कडे बसवलेले असते, ज्याला रिंग गिअर किंवा नुसते ‘रिंग’ म्हणतात, आणि इंजिनाच्या पुढच्या खालच्या बाजूला स्टार्टर मोटर अशी बसवलेली असते की तिच्या दंडावरील लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकल्यास रिंगच्या दातांत नेमके अडकावे. लायकॉमिंगच्या रिंगला १२२ किंवा १४९ दात असतात आणि पिनियनला ९. म्हणजे १४९ दातांची रिंग एकदा फिरवण्यासाठी पिनियनला साडेसोळाहून थोडे अधिक फेरे घ्यावे लागतात. या गुणोत्तरामुळे लहान मोटर मोठे इंजिन फिरवू शकते, कारण वेग जितक्या पटीने घटतो तितक्याच पटीने पिळाचे बळ, म्हणजे टॉर्क, वाढते.

बेंडिक्स ड्राइव्हमध्ये पिनियन दंडावर घट्ट बसवलेले नसते. दंडावर तिरके आटे पाडलेले असतात आणि पिनियन त्या आट्यांवर सैल बसते. मोटरला वीज मिळताच दंड एकदम वेगाने फिरू लागतो, परंतु पिनियन स्वतःच्या जडत्वामुळे त्याच वेगाने लगेच फिरत नाही. दंड पुढे फिरतो, पिनियन मागे राहते, आणि या फरकामुळे ते आट्यांवरून सरकत रिंगच्या दातांत जाऊन बसते. सरकण्याची मर्यादा संपली की पिनियन दंडाबरोबर फिरू लागते आणि पंख्याला गती मिळते. दात भिडतानाचा धक्का सोसण्यासाठी ड्राइव्हमध्ये एक जाड स्प्रिंग असते. इंजिन पेटल्यावर हिशेब उलटतो : आता रिंग पिनियनला दंडापेक्षा अधिक वेगाने फिरवू लागते, त्यामुळे पिनियन त्याच आट्यांवरून उलट दिशेने मागे फेकले जाते आणि दात सुटतात. या साऱ्या हालचालीत दांडा, गिअर बदलण्याची कळ किंवा माणसाचा हात यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. केवळ वेगातील फरकावर ती चालते.

पिनियन मागे फेकले गेले नाही तर काय होते, हे त्याच गुणोत्तरावरून कळते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीवर असले, तरी अडकलेले पिनियन मिनिटाला तेरा हजारांहून अधिक फेरे घेऊ लागेल, आणि उड्डाणासाठी इंजिन २,७०० फेऱ्यांवर नेले तर पिनियनचा वेग ४४ हजारांच्या वर जाईल. इतक्या वेगासाठी मोटरचे आर्मेचर, म्हणजे तारांचे वेटोळे असलेला फिरता भाग, घडवलेला नसतो. त्याच्या तारा बाहेर फेकल्या जातात आणि बेअरिंग वितळते. म्हणूनच इंजिन सुरू झाल्यावर ‘स्टार्टर चालू’ असा दिवा पेटत राहिला किंवा अँपिअरमापकाचा काटा असाधारण ठिकाणी थांबला, तर वैमानिकाने इंजिन तातडीने बंद करावे, अशी शिकवण दिली जाते.

दुसऱ्या घराण्यातील ड्राइव्ह

सर्वच इंजिनांत बेंडिक्स नसतो. काँटिनेंटल कंपनीच्या अनेक सहा सिलिंडरच्या इंजिनांत स्टार्टर इंजिनाच्या मागच्या बाजूला असतो आणि तेथे ‘स्टार्टर अडॅप्टर’ नावाचे वेगळे उपकरण बसवलेले असते. त्यात मोटर एका आटेदार दंडाला फिरवते, त्याला वर्म म्हणतात; वर्म आपल्यावर टेकलेल्या चाकाला फिरवतो; आणि त्या चाकाला जोडलेली एक मजबूत स्प्रिंग फिरताना आकसून एका खरखरीत दंडगोलावर घट्ट आवळली जाते, त्यामुळे इंजिनाचा गिअर फिरतो. इंजिन सुरू होताच दंडगोल स्प्रिंगपेक्षा वेगाने फिरू लागतो आणि स्प्रिंगची पकड सैल होते. ही स्प्रिंग किंवा दंडगोलाचा खरखरीतपणा झिजला की पकड घसरते. मोटर जोरात फिरत असते आणि पंखा रेंगाळत सरकतो किंवा जागचा हलत नाही. या अडॅप्टरला वंगण इंजिनाच्याच तेलाचे मिळत असल्यामुळे त्याच्या झिजेतून निघालेला धातूचा कीस इंजिनाच्या तेलात मिसळण्याचा धोका असतो, आणि म्हणून घसरणारा अडॅप्टर ‘अजून थोडे दिवस चालेल’ म्हणून पुढे ढकलणे हा मोठा घाट्याचा व्यवहार ठरतो.

सुपर डिमोनाच्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि जगभरातील असंख्य हलक्या विमानांत ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीची इंजिने असतात. त्यांच्या स्टार्टरमध्ये स्प्रॅग क्लच हा एकतर्फी क्लच वापरलेला असतो. सायकलचे फ्रीव्हील जसे पायडल मारताना चाक ओढते आणि पायडल थांबवले तरी चाकाला मोकळे फिरू देते, तसेच त्याचे काम असते. फक्त दातांऐवजी त्यात आतल्या आणि बाहेरच्या कड्यांच्या मध्ये तिरके बसवलेले धातूचे लहान तुकडे असतात, जे एका दिशेला पाचर बसावी तसे अडकतात आणि दुसऱ्या दिशेला घसरून मोकळे होतात. रोटॅक्स ९१२ या इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाला ठिणगी देण्यासाठी क्रँक दंडाचा वेग मिनिटाला सुमारे २२० फेऱ्यांपर्यंत जावा लागतो. बॅटरी अशक्त असली की इंजिन या सीमारेषेवर अडखळते, कधी उलट दिशेने झटका देते, आणि तो झटका थेट स्प्रॅग क्लचवर बसून त्याचे तुकडे खराब करतो. येथे मूळ आजार बॅटरीत असतो आणि त्याची शिक्षा ड्राइव्हला भोगावी लागते.

बहुतेक मोठ्या जेट इंजिनांत विद्युत मोटरऐवजी दाबाच्या हवेवर फिरणारे टर्बाइन स्टार्टर असते, कारण तेवढे इंजिन फिरवायला लागणारी शक्ती बॅटरीच्या आवाक्याबाहेर असते. तरीही त्या स्टार्टरच्या आत इंजिनाला फिरवून नंतर मोकळे सोडणारा एकतर्फी क्लच असतोच, आणि तत्त्व तेच राहते.

बिघाड ओळखण्याचा क्रम

वैमानिकाने नोंदवलेल्या दोषाला भारतीय हँगरमध्ये ‘स्नॅग’ म्हणतात, आणि स्टार्टरच्या बाबतीत टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, बहुधा एकच ओळ लिहिलेली असते : स्टार्टर पंखा फिरवत नाही. या एका ओळीच्या मागे निदान सहा-सात वेगवेगळे बिघाड दडलेले असू शकतात आणि त्यांतील काहींचा ड्राइव्हशी काहीच संबंध नसतो. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ हत्यारांना हात लावण्यापूर्वी वैमानिकाला विचारतो की किल्ली फिरवल्यावर नेमका आवाज कसा आला, इंजिन थंड होते की गरम, आणि दोष दर वेळी येतो की अधूनमधून.

काहीच आवाज आला नाही, किंवा फक्त ‘टक्’ असा आवाज येऊन सारे शांत झाले, तर शोध बॅटरीपासून सुरू होतो. बॅटरीची वीज सोलेनॉइड या विजेच्या जाड स्विचमधून मोटरपर्यंत जाते. त्याचे आतले संपर्कबिंदू जळालेले असतील तर तो टक्क वाजतो, पण प्रवाह पुढे जात नाही. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीवर, सोलेनॉइडच्या दोन्ही टोकांवर आणि स्टार्टरच्या टोकावर व्होल्टेज मोजले की वीज कोठे अडते, हे काही मिनिटांत समजते. याच टप्प्यावर इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासली जाते. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे स्टार्टरमधून गेलेला प्रवाह विमानाच्या सांगाड्याकडे परत येण्यासाठी धातूची एक विणलेली पट्टी लावलेली असते. ती गंजली किंवा सैल झाली, तर तो मोठा प्रवाह थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या पोलादी केबलमधून वाट काढतो आणि त्या केबल तापतात. इंजिनाची गती आणि इंधनाचे प्रमाण ज्या केबलवर अवलंबून आहे, त्याच तापून अडकल्या तर काय घडेल, हे वेगळे सांगायला नको.

पंखा फिरतो पण अतिशय मंद, असे असेल तर संशय अशक्त बॅटरी, गंजलेली टोके, झिजलेले कार्बन ब्रश किंवा थंडीत घट्ट झालेले तेल यांच्यावर जातो.

मोटर मोकळी घुमते आणि पंखा हलत नाही, हे मात्र ड्राइव्हच्या बिघाडाचे खरे लक्षण होय. काँटिनेंटल आणि रोटॅक्समध्ये ते क्लच घसरल्याचे असते, तर बेंडिक्समध्ये पिनियन आट्यांवर अडकून पडल्याचे. पण येथेही घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. बेंडिक्सचे पिनियन पुढे सरकण्यासाठी दंडाने एकदम वेग घ्यावा लागतो. बॅटरी अशक्त असेल तर मोटर हळूहळू वेग घेते, पिनियन दंडाबरोबरच फिरू लागते आणि पुढे सरकतच नाही. अशा वेळी मोटरचा घुमण्याचा आवाज ऐकून ड्राइव्ह काढून साफ केला, तर दुसऱ्या दिवशी तोच दोष पुन्हा हजर होतो. म्हणून बाहेरची पूर्ण भरलेली बॅटरी किंवा ग्राउंड पॉवर, म्हणजे जमिनीवरचा वीजपुरवठा, जोडून एकदा पाहणे, ही ड्राइव्हला हात लावण्यापूर्वीची स्वस्त आणि निर्णायक चाचणी आहे.

दात घासल्याचा करकर आवाज आला, तर पिनियनचे किंवा रिंगचे दात झिजलेले असतात, किंवा स्टार्टरच्या नटबोल्टांपैकी एखादा सैल होऊन पिनियन वाकडे बसत असते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कोणत्या तरी सिलिंडरमधील दाबलेल्या हवेशी अडून थांबते, आणि प्रत्येक फेऱ्यात असे अडण्याचे दोन टप्पे समोरासमोर येतात; त्यामुळे पिनियन रिंगच्या त्याच दोन भागांवर पुन्हापुन्हा आदळते आणि झीज तेथेच साठते. रिंगचा दिसणारा भाग चांगला आहे म्हणून ती चांगली आहे असे मानणारा तंत्रज्ञ फसतो. पंखा हळूहळू पूर्ण फिरवून प्रत्येक दात पाहावा लागतो. हे करण्यापूर्वी इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच बंद करून किल्ली बाहेर काढावी लागते, आणि तरीही पंखा कोणत्याही क्षणी उसळू शकतो असेच धरून चालावे लागते, कारण मॅग्नेटोला जमिनीशी जोडणारी तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडू शकते.

ड्राइव्ह उघडल्यावर

निदान ड्राइव्हपर्यंत पोहोचले की बॅटरी सोडवून इंजिनाचे खालचे आवरण काढले जाते, जाड केबल अलग केली जाते, आणि स्टार्टर खाली उतरवला जातो. लायकॉमिंगमध्ये त्यासाठी पंखा काढावा लागत नाही. रिंग बदलायची असेल तर मात्र पंखा काढणे अपरिहार्य असते.

हातात आलेल्या बेंडिक्सचे पहिले परीक्षण बोटांनी होते : पिनियन आट्यांवर वरपासून खालपर्यंत न अडखळता सरकते का, आणि सोडल्यावर मागे येते का. पुष्कळ वेळा आट्यांमध्ये धुळीचा आणि वंगणाचा मिळून चिकट काळा थर जमलेला आढळतो. स्टार्टर पंख्याच्या अगदी मागे, हवेच्या झोतात असल्यामुळे धावपट्टीवरची धूळ त्यावर सतत आदळत असते, आणि बारामतीसारख्या कमी पावसाच्या कोरड्या भागात ती विशेष जाणवते. उलट वेल्ह्यासारख्या घाटमाथ्यालगतच्या धो-धो पावसाच्या पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही यंत्राला गंजाचा त्रास अधिक असतो. हिवाळ्याच्या पहाटे आट्यांतला चिकट थर घट्ट होतो आणि पिनियन अडकते, दुपारी तो पातळ होऊन तेच पिनियन सुरळीत चालते. ‘सकाळी घेत नाही, दुपारी घेतो’ अशा स्नॅगचे कारण बहुधा हेच असते.

यावर उपाय म्हणजे निर्मात्याने सांगितलेल्या द्रावणाने आटे धुणे, पूर्ण वाळवणे आणि निर्मात्यानेच सुचवलेल्या सिलिकॉनच्या पातळ फवाऱ्याने त्यांना वंगण देणे. साधे तेल किंवा ग्रीस येथे घालणे ही सर्वाधिक घडणारी चूक आहे, कारण पहिल्या दोन-चार दिवसांत पिनियन झकास सरकते, पण तेलावर बसलेली धूळ लवकरच पुन्हा तोच चिकट थर तयार करते आणि दोष पहिल्यापेक्षा जास्त लवकर परततो. धुतल्यावर दात तपासायचे असतात : टोके झिजून बोथट झालेली, कोपरे तुटलेले किंवा एका बाजूने अधिक घासलेले दात दिसले तर ड्राइव्ह बदलावा लागतो, आणि पिनियन खराब असेल तर रिंगही तेवढ्याच बारकाईने पाहावी लागते, कारण जुन्या रिंगवर नवे पिनियन लावले की रिंगची झीज नव्या दातांनाही खाऊन टाकते. दंडाचे बुश झिजलेले आहे का, स्प्रिंग तुटली आहे का आणि पुढच्या आवरणाला तडा आहे का, हेही त्याच वेळी पाहिले जाते.

मोटरचे आरोग्य ड्राइव्हइतकेच महत्त्वाचे असते. बिघडलेल्या बॅटरीवर सलग स्टार्टर मारत राहिल्याने मोटर तापते, म्हणून सेसना १७२च्या नव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत दहा सेकंद स्टार्टर चालवून वीस सेकंद थांबावे, असे तीनदा करून पाहावे आणि तरी इंजिन सुरू झाले नाही तर दहा मिनिटे विसावा द्यावा, असा नियम घालून दिलेला आहे. विसाव्यानंतर पुन्हा तीच पाळी करूनही इंजिन सुरू झाले नाही, तर कारण शोधावे असेही तेथे सांगितले आहे. किल्ली दाबून धरणे हा त्यावर उपाय नव्हे.

तुटलेल्या आवरणामागचा खरा दोषी

स्टार्टरच्या पुढच्या आवरणाला तडा गेला असेल किंवा दात एकदम मोडले असतील, तर त्यामागे बहुधा उलटा झटका असतो. इंजिन चालू असताना पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी सुमारे २० ते २५ अंश आधी ठिणगी पडते, कारण मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो. स्टार्टरने मंद फिरवताना एवढ्या लवकर ठिणगी पडली, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्फोट होतो आणि तो इंजिनाला उलट दिशेने ढकलतो. पिनियन त्या वेळी रिंगमध्ये अडकलेले असते, त्यामुळे सारा आघात स्टार्टरवर बसतो. हे टाळण्यासाठी मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग नावाचे स्प्रिंगचे उपकरण जोडलेले असते, जे सुरू करताना ठिणगी उशिरा पाडते. पुष्कळ विमानांत ते एकाच मॅग्नेटोवर असते आणि किल्ली ‘स्टार्ट’वर असताना दुसरे मॅग्नेटो आपोआप बंद ठेवले जाते. कपलिंग झिजले, किंवा दुसरे मॅग्नेटो बंद ठेवणारी तार तुटली, की उलटे झटके सुरू होतात. अशा वेळी नवा स्टार्टर बसवून काम संपवले, तर तोही काही आठवड्यांत मोडतो. काही नव्या बनावटीच्या स्टार्टरमध्ये असा झटका बसल्यास आधी तुटून बाकीचे वाचवणारी एक पिन असते. ती पुन्हापुन्हा तुटत असेल, तर दोष पिनमध्ये नसून प्रज्वलनात आहे असे समजावे.

सहीची जबाबदारी

विमानाचा सेल्फ आणि गाडीचा सेल्फ यांत आतून पुष्कळ साम्य असले, तरी गाडीचे कार्बन किंवा बुश विमानात बसवता येत नाही. १९३४च्या कायद्याची जागा घेऊन १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियम, २०२४च्या छत्राखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देखभालीचे नियम ठरवते. त्यानुसार बदललेल्या भागाचा उगम दाखवणारे प्रमाणपत्र असावे लागते, दुरुस्ती निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे व्हावी लागते आणि शेवटी परवानाधारक विमान देखभाल अभियंता विमान सेवेस योग्य असल्याची सही करतो. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी हा परवाना बी१.२ या वर्गातील असतो. सही करणाऱ्या माणसाला आपण काय तपासले आणि काय बदलले, याची नोंद लॉग बुकमध्ये ठेवावी लागते, आणि पुढे काही घडले तर त्या नोंदीला उत्तर द्यावे लागते. गॅरेजमधील कुशल कारागिराच्या हातात तेच कसब असू शकते. विमानात त्या कसबाला पुरावा आणि जबाबदारी यांची जोड सक्तीची असते.

बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला या परवान्याच्या शिक्षणाची वाट खुली असते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत ट्रॅक्टर आणि जीपच्या इंजिनात हात काळे करत वाढलेली अनेक मुले या वाटेपासून केवळ ती माहीत नसल्यामुळे दूर राहतात. शाळांनी आणि पालकांनी त्यांना हा मार्ग दाखवावा. स्टार्टर ड्राइव्हच्या दुरुस्तीत लागणारी मुख्य गोष्ट महागडे हत्यार नसून क्रमाने विचार करण्याची शिस्त आहे : आधी बॅटरी आणि तारा, मग प्रज्वलन, मग धूळ आणि वंगण, आणि शेवटी नवा भाग. हा क्रम पाळणाऱ्याचा ड्राइव्ह वर्षानुवर्षे टिकतो, आणि क्रम मोडून थेट नवा भाग लावणाऱ्याला तोच भाग पुन्हा विकत घ्यावा लागतो.